दोन साप: पेटी एक की दोन?

पहिला साप रुळला, नेमाने खायला लागला, की दुसऱ्याचे वेध लागतात. काचपेटी आहेच, थर्मोस्टॅट आहे, अर्धी जागा रिकामीच दिसते. त्यातच सोडला तर काय बिघडलं?

बिघडतं, पण ते दिसत नाही. सकाळी पाण्याच्या भांड्याशेजारी अर्धवट पचलेला, केस गळालेला उंदीर पडलेला असतो आणि दोन्ही कॉर्न स्नेक (हौसेने पाळले जाणारे बिनविषारी साप) लपणात गुडुप. ओकलं कोण? पातळ विष्ठा कुणाची? एका पेटीत याचा अंदाजच बांधायचा. वेगळ्या पेटीत तळाला अंथरलेला कागद उचलला की कळतं. ओकण्याचं कारण पेटीचा गारठा असेल तर तापमान सुधारून भागेल. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला सूक्ष्म परजीवी असेल, तर त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि विष्ठेतून तो शेजाऱ्यापर्यंत पोचतो. माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, मात्र दोन पेट्यांनाही जुमानत नाहीत, एका खोलीत सरळ इकडून तिकडे जातात. म्हणून नवा साप पहिले दोन-तीन महिने दुसऱ्या खोलीतच बरा.

‘पण ते एकमेकांना बिलगून झोपतात!’ हे फार ऐकू येतं. बॉल पायथनला, म्हणजे पाळल्या जाणाऱ्या छोट्या आफ्रिकी अजगराला, साधारण 31 ते 33 अंशांची ऊबदार जागा लागते आणि पेटीत ती बहुधा एकच असते. दोघं तिथे एकावर एक बसले, तर ती माया असेलच असं नाही. त्यात दबणारा साप हळूहळू खाणं टाकतो. बॉल पायथन एरवीही महिनोन्महिने उपाशी राहतो, त्यामुळे कारण लक्षात यायला उशीर होतो.

खायला घालताना तर उघड धोका. एका उंदराची दोन टोकं दोघांनी धरली, की गिळता गिळता एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडात जातं. किंग स्नेकबद्दल बोलायलाच नको. दुसरे साप खाणं हा त्याचा स्वभावच.

नर-मादी एकत्र असतील तर कोवळ्या वयात मादीला गर्भ राहू शकतो, अंडी अडकून जिवावर बेततं. ‘दोन्ही माद्या आहेत’ असं सांगून दिलेल्या पिल्लांत एक नर निघणंही नवं नाही.

एकत्र ठेवण्याच्या बाजूने दमदार मुद्दा एकच: उत्तर अमेरिकेतला छोटा गार्टर स्नेक. कॅनडातल्या मॅनिटोबात नार्सिसजवळच्या चुनखडीच्या बिळांत ते हजारोंनी एकत्र हिवाळा काढतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर ते सोबती निवडतात असंही आढळलं. सारख्या आकाराचे, एकाच लिंगाचे दोन-तीन गार्टर मोठ्या पेटीत ठेवायला माझी हरकत नाही. मात्र खायला प्रत्येकाला वेगळ्या डब्यात, कारण एका गांडुळावर दोघं झडप घालतात. शिवाय एखादा बाजूला काढायची वेळ आली तर रिकामी पेटी तयार हवी.

म्हणजे पेटी वाचली कुठे? एकत्र ठेवायचं तर मोठी पेटी, दोन ऊबदार कोपरे, प्रत्येकाला ऊबेत एक आणि गारव्यात एक लपण, वर ही राखीव पेटी. कॉर्न किंवा बॉल पायथनसाठी मी हा खटाटोप करणार नाही, सरळ दोन पेट्या घेईन. दुसरीला जागा नसेल, तर दुसरा साप जागा झाल्यावर.