टोरंटो, ओटावा की मॅकमास्टर: तुमची गुणपत्रिका कुठे जास्त चालेल?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पदवी करताय, मेडिकलला अर्ज करायचाय आणि एक जड कोर्स सोडावासा वाटतोय? मग आधी हे वाचा. आपल्याकडे नीटच्या एका आकड्यावर गुणवत्ता यादी लागते. इथे एकाच गुणपत्रिकेचा हिशेब प्रत्येक विद्यापीठ वेगळा मांडतं.

पहिली पायरी सगळ्यांना सारखी. अर्ज 'ओमसास' या सामाईक यंत्रणेतून जातो आणि गुण 4.0 च्या पट्टीवर बसवले जातात. टोरंटो विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत 87 ला 4.0 धरतात, ओमसासमध्ये तेच 3.9 होतात. 79 ला 3.3, तर 80 ला एकदम 3.7. म्हणून काठावरच्या 79 वर गप्प बसू नका, प्राध्यापकांना भेटून पेपर पुन्हा बघा.

यापुढे वाटा फुटतात.

टोरंटो दर वर्षामागे एका पूर्ण कोर्सइतके, म्हणजे सहामाहीचे दोन, सर्वांत कमी गुण वगळतं. तीन वर्षांचे सहा सेमिस्टर-कोर्स गेले की सरासरी चांगलीच सुधारते. पण त्यासाठी प्रत्येक वर्षी पूर्ण भार, म्हणजे पाच पूर्ण कोर्स घेतलेले हवेत. इथेच मुलं फसतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत 68 पडतील या भीतीनं कोर्स सोडला की भार कमी होतो आणि वगळण्याची सवलतच हातची जाते. ते 68 तसेच राहू दिले असते, तर बहुधा वगळलेच गेले असते!

ओटावालाही पूर्णवेळ शिक्षण हवं, पण तिथला हिशेब वर्षांचा. सर्वांत अलीकडच्या वर्षाला तिप्पट वजन, त्याआधीच्याला दुप्पट, त्याआधीच्याला एकपट. चौथ्या वर्षात अर्ज करणाऱ्या मुलीचे आधीच्या तीन वर्षांचे 3.5, 3.8 आणि 3.95 असतील, तर साधी सरासरी 3.75 येते, ओटावाच्या हिशेबानं जवळपास 3.83. हेच आकडे उलट क्रमानं आले तर 3.68 च्या आत. पहिल्या वर्षी अडखळून नंतर सावरलेल्यांना मी ओटावा आधी सुचवेन.

मॅकमास्टर पदवीचे सगळे कोर्स मोजतं, काहीच वगळत नाही. मात्र पूर्ण भाराची अटही घालत नाही. घरखर्चासाठी नोकरी करत, वर्षाला तीन-चार कोर्स घेत शिकणाऱ्या मुलांसाठी हे दार खरंच उघडं आहे. पूर्ण भाराची अट त्यांच्यावर अन्याय करते असं मला मनापासून वाटतं, कारण रात्रपाळी करून मिळवलेले 85 कुठल्याही पट्टीवर वेगळे दिसत नाहीत. शिवाय मुलाखतीसाठी निवडताना मॅकमास्टर ग्रेडइतकंच वजन एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेतल्या वाचन-आकलनाच्या विभागाला आणि कॅस्पर या प्रसंगांवर आधारित ऑनलाइन चाचणीला देतं. वाचन पक्कं असेल तर 3.7 वरही अर्ज करावा.

क्वीन्स विद्यापीठाचं गणित आणखी निराळं: 2025 च्या प्रवेशापासून किमान पात्रता गाठणाऱ्यांतून सोडत काढतात. तिथे दशांशाच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

तेव्हा गुण इकडेतिकडे विखुरलेले पण भार पूर्ण असेल तर टोरंटो, आलेख चढता असेल तर ओटावा, भार अपुरा असेल तर मॅकमास्टर. नियम बदलत राहतात, त्यामुळे कोर्स सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी त्या-त्या विद्यापीठाचं यंदाचं प्रवेशपान उघडून भाराची अट तपासा.