मियाटाचं तेल गळतंय आणि गाडी मिसिंग मारतेय: गॅरेजला द्यायची की घरी, आणि आधी काय?

आमच्या एका मित्राने न्यू जर्सीत १९९२ची मियाटा घेतली, पॉप-अप हेडलाइटवाली, आणि महिन्याभरात त्याचा फोन. खाली तेल टपकतंय, हायवेला लागताना गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरला ठिणगी चुकते आणि गचका बसतो, गॅरेजवाला म्हणतो रिअर मेन सील (इंजिनच्या मागच्या टोकाला क्रँकशाफ्टभोवती तेल अडवणारं रबर) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, हजार डॉलरच्या वर जाईल, प्लग वायरींचं नंतर बघू. देऊ का गाडी? तासभर बोललो, तेच इथे लिहून ठेवतोय, कारण माझी ९४ची पण याच रस्त्याने गेलीय आणि मी एकदा पैसे चुकीच्या ठिकाणी घालून बसलोय.

मियाटा म्हणजे माझदा एमएक्स-५, जपानात युनोस रोडस्टर. १९८९ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली, अमेरिकेत ९३ पर्यंत १.६ लिटर इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, ९४ पासून १.८, १२८ हॉर्सपॉवर. खाली जे आहे ते या पहिल्या पिढीचं, म्हणजे ९७ पर्यंतच्या गाड्यांचं.

आता आधी गळती, कारण खरी गंमत तिथे आहे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) नाही, त्याऐवजी हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) चिकटून कॅम अँगल सेन्सर बसतो, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर फिरतो आणि ठिणगी कधी द्यायची ते कॉम्प्युटरला कळवतो. त्याला एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असते. तीस वर्षं गरम होऊन ती ओ-रिंग प्लास्टिकसारखी कडक होते आणि तेल तिथून हळूहळू बाहेर येतं, हेडच्या मागून ओघळत हीटरच्या रबरी पाइपांवर, तिथून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागावर, आणि शेवटी बरोब्बर तिथून टपकतं जिथून रिअर मेन सील गेलं तरी टपकलं असतं. खालून बघणाऱ्याला दोन्ही अगदी सारखं दिसतं. गाडी लिफ्टवर, माणूस खाली उभा, बोट वर करतो, "सील". वरून बघायची तसदी कोण घेणार.

तर दोन पर्याय शेजारी ठेवा. रिअर मेन सील म्हणजे गिअरबॉक्स खाली, क्लच बाहेर, फ्लायव्हील बाहेर, मग सील. सील स्वतः स्वस्तच, पैसे सगळे मजुरीचे, आणि घरी जॅकवर करायचं तर दोन माणसं आणि अख्खा वीकेंड गेला. सेन्सरची ओ-रिंग म्हणजे एक बारा नंबरचा बोल्ट आणि कॉफीपेक्षा स्वस्त रबर. हात घालायला जागा मात्र इतकी कमी की शिव्या येतात, पण कॉईल पॅक (प्लगना ठिणगीची वीज देणारा) मागेच असतो, तो सोडून बाजूला केला की बरंच सोपं जातं. एकच खबरदारी, आणि ही खरंच घ्या: सेन्सर काढायच्या आधी त्याच्यावर आणि हेडवर मिळून एक रेघ मारा, नेलपॉलिशने मारा नाहीतर खिळ्याने ओरखडा, कारण तो सेन्सर फिरवला की इग्निशनचं टायमिंगच बदलतं. परत बसवल्यावर टायमिंग लाइट लावून बघायचं, डायग्नोस्टिक बॉक्समध्ये TEN आणि GND लिहिलेली दोन टोकं एका वायरीच्या तुकड्याने जोडून, पिस्टन वर पोचायच्या १० अंश आधी आलं पाहिजे. रेघ नीट जुळवली असेल तर बहुतेक तिथेच येतं, तरी बघा.

तिसरा संशयित म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, हेडवरच्या झाकणाखालची रबरी पट्टी. ते कडक झालं की तेल कडेने ओघळतं, एक्झॉस्टच्या बाजूने गेलं तर गरम मॅनिफोल्डवर पडून जळका वास येतो, आणि आत गेलं तर प्लगच्या खड्ड्यात साठतं. हे पण घरी होण्यासारखं काम आहे. लोक चुकतात ते दोनच ठिकाणी. एक म्हणजे जिथे कॅमच्या टोकाच्या कॅप हेडला मिळतात त्या कोपऱ्यांत सिलिकॉन सीलंटचा छोटा ठिपका लावत नाहीत, मग नवीन गॅस्केट पण आठवड्यात गळायला लागतं. आणि दुसरं, बोल्ट जीव खाऊन आवळतात. ५ ते ९ न्यूटन-मीटर एवढंच लागतं, मनगटाचा जोर पुरे, दंडाचा नको.

मग ठरवायचं कसं? डिग्रीझरने मागची बाजू स्वच्छ धुवा, वाळू द्या, संशयाच्या जागी टाल्कम पावडर शिंपडा, अर्धा तास गाडी फिरवा आणि टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली तिथे गळती. सेन्सर, कव्हर दोन्ही कोरडे आणि खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशीच ओलं, तर गॅरेजवाला बरोबर होता, कबूल करा. पण तेव्हाही थेंब-थेंब असेल आणि क्लच अजून चांगला असेल तर मी थांबेन, दर महिन्याला डिपस्टिक बघेन आणि क्लच बदलायची वेळ आली की त्याच मजुरीत सील घालून घेईन. पुढच्या बाजूची गळती असेल, कॅम सील नाहीतर क्रँकचं पुढचं सील, तर त्याचं पण तेच, टायमिंग बेल्टच्या कामात उरकायचं, अमेरिकेत तो बेल्ट ६०,००० मैलांना बदलायला सांगितलाय. ९० आणि ९१च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं नाक आखूड असतं, पुढची पुली धरणारा बोल्ट नीट टॉर्कने आवळला नाही तर क्रँकच खराब होतो, तसली गाडी असेल तर हे काम जाणत्या माणसाकडेच द्या, इथे माझा घरचा हट्ट नाही.

सील बदलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) पण काढून कानाशी हलवा. खुळखुळला तर ठीक, मुका असेल तर फेका. तो चोंदला की आतला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि नव्या सीललाही गळायला लावतो. मी जे पैसे घालवले ते इथेच, एका गॅरेजने व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट दोनदा बदललं, दोन्ही वेळा पूर्ण बिल, आणि पीसीव्हीला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

आता वायरी. यात एकच कॉईल पॅक, त्यात दोन कॉईल, एक १ आणि ४ नंबरच्या प्लगला, दुसरा २ आणि ३ला, आणि चार जाड वायरी. इंजिनच्या उष्णतेत त्या वाळतात, आतला रोध वाढतो, बाहेरचं आवरण तडकतं. लक्षण एकदम ओळखीचं: रिकामी रेस दिली तर सगळं छान, पण वरच्या गिअरमध्ये लोडवर दाबलं की गचका, पिकअप नाही, पावसाळी दमट हवेत जास्त. ९५ पर्यंतच्या गाड्यांना मिसफायरचा कोड दाखवायची अक्कल नाही, स्कॅनर लावून काही उपयोग नाही. रात्री अंधारात बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा, वायर गेलेली असेल तर निळ्या ठिणग्या दिसतात. हात लांब ठेवा, हा झटका साधा नाही.

पर्याय बघितले तर बाजारातला सगळ्यात स्वस्त सेट, एनजीके या जपानी कंपनीचा निळा सेट, मॅग्नेकॉर ब्रँडचा सेट, आणि वायरीच काढून टाकून टोयोटाच्या प्लगवरच्या कॉईल बसवणं. स्वस्त सेट घेऊ नका, बूट (प्लगवर बसणारी वायरीची रबरी टोकं) सैल बसतात आणि वर्षा-दोन वर्षांत परत तोच गचका. रोजची गाडी असेल तर एनजीके, मला चाळीस-पन्नास डॉलरला मिळाला, लांबी बरोबर, क्लिपमध्ये नीट बसतो. मॅग्नेकॉर दुपटीच्या आसपास जातो, जाड असतो, टिकतो पण, टर्बो बसवायचा विचार असेल किंवा ट्रॅकवर नेत असाल तर घ्या, नाहीतर तुम्हाला फरक जाणवणार नाही, माझ्या एका ओळखीच्याला जाणवतो म्हणे, पण तो चहा पण कपावरून ओळखतो. टोयोटाच्या कॉईलचं काम छान आहे पण वायरिंग आलं आणि बहुतेक जण ते वेगळा इंजिन कॉम्प्युटर टाकतानाच करतात, नुसता गचका घालवायला एवढं नको.

वायरी बदलताना एकेक बदला, चारही एकदम उपसल्या तर कुठली कुठे हा घोळ होतो. बरोबरीने प्लग, १.१ मिलिमीटर गॅपचे, आणि ते १५ ते २३ न्यूटन-मीटरने, हेड अॅल्युमिनियमचं आहे.

मिसिंग तशीच ठेवून गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खातं, आणि त्याच्या किमतीत अशा दहा सेट वायरी येतील. तेलाचं थोडं थांबता येतं, पण हीटरच्या पाइपांवर पडत असेल तर नाही, तेलाने रबर फुगून मऊ होतं आणि एखाद्या दिवशी कूलंट रस्त्यावर.

आधी काय, तर माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा, कारण सेन्सरपर्यंत पोचायला कॉईल पॅक सोडावा लागतो, व्हॉल्व्ह कव्हर काढायला वायरी काढाव्याच लागतात, म्हणजे दोन्ही कामं एकाच सकाळची आहेत. फक्त क्रम पाळा: आधी गळती बंद, प्लगचे खड्डे पुसून कोरडे, मग नवीन वायरी. उलटं केलंत तर नवे बूट पहिल्या दिवसापासून तेलात भिजणार. गॅरेजला द्यायची असेल तरी हेच सांगा, दोन वेगळ्या दिवशी दोन मजुऱ्या देऊ नका. आणि ज्याला टायमिंग लाइट, टॉर्क पाना, छोटी गोटी (सॉकेट) यांपैकी काहीच घरात नाही आणि घ्यायचंही नाही त्याने खुशाल गॅरेजला द्यावी, पण आरसा घालून काढलेला फोटो हातात घेऊन जावं.

मित्राने काल रात्री तोच फोटो पाठवला. सेन्सरच्या खाली काळा चिकट ओघळ, व्हॉल्व्ह कव्हर कोरडं, तीन नंबरच्या वायरीचा बूट तडकलेला. शनिवारी येतोय. ओ-रिंग दोन मागव म्हटलंय, एक त्या फायरवॉलच्या फटीत पडली की परत सापडत नाही.