नव्या दाखला पोर्टलवर आठ महिने

धायरीत आमचे अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र आहे. गेले आठ महिने दाखल्यांचे अर्ज एका नव्या सरकारी पोर्टलवर भरावे लागतात. प्रवेशाच्या गर्दीपासून आजपर्यंत ते रोज वापरल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की त्याचा संथपणा नेटचा किंवा सर्व्हरचा नसून बांधणीचा आहे.

अर्जात रकाने अवघे नऊ. पण सर्व्हरकडून येणारे पान जवळपास रिकामे असते. रिॲक्ट या पाने बांधायच्या तयार साधनाचा आणि त्याच्या जोडीचा सगळा जावास्क्रिप्ट कोड (ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम) उतरवून, तो चालवून झाल्यावरच ब्राउझर ते रकाने उभे करतो. केंद्रातल्या संगणकावर हे खपून जाते. स्वस्त फोन मात्र तिथेच अडकतो, कारण नेट कितीही वेगवान असले तरी कोड चालवायचे काम फोनच्याच प्रोसेसरला करावे लागते.

खरा त्रास ओटीपीच्या वेळी होतो. एका मावशींनी मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घरीच भरायला घेतला होता. ओटीपी पाहायला त्या मेसेजमध्ये गेल्या आणि परत येईपर्यंत फोनने जागा मोकळी करण्यासाठी ब्राउझरचे पान मेमरीतून काढून टाकले होते. भरलेली माहिती फक्त त्या पानाच्या मेमरीत होती, त्यामुळे पांढरा पडदा, फिरणारे चक्र आणि पुन्हा पहिला रकाना. तीनदा असे झाल्यावर दोन घरची कामे बुडवून त्या आमच्याकडे आल्या.

पोर्टलची मराठी नेटकी आहे, फोटो लहान करण्याची सोयही उपयोगी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाने २०२२ मध्ये आपल्या पानांवरून जेक्वेरी, म्हणजे तयार जावास्क्रिप्ट कोडचा एक संच, काढून टाकली. ती आकार लहान करून (कॉम्प्रेस करून) पाठवली तर जेमतेम ३२ केबीची होती, तरीही जुन्या फोनवाल्यांसाठी तेवढे ओझेही त्यांना नको वाटले. तिथले अर्ज साध्या एचटीएमएलवर, म्हणजे पानाच्या मूळ मांडणीच्या भाषेवर, उभे असतात आणि जावास्क्रिप्ट चालली नाही तरी भरता यावेत, असा त्यांचा दंडक आहे. आपल्या नऊ रकान्यांनाही तेच पुरेसे आहे: टप्प्याटप्प्याने अर्ज पाठवावा आणि प्रत्येक टप्पा सर्व्हरवर साठवला जावा. हे मी दोनदा लेखी कळवले आहे.

तोवर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की ओटीपी आला की मेसेज उघडू नका, पडद्याच्या वरच्या पट्टीतच वाचा.