थर्मिस्टर, प्लॅटिनम की एलडीआर: कोणता रेझिस्टर कशासाठी घ्यावा?

तापमान, उजेड किंवा दमटपणानुसार रोध बदलणारा रेझिस्टर निवडताना पहिला प्रश्न हमखास येतो तो म्हणजे "किती संवेदनशील आहे?" मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: परिस्थिती पूर्ववत झाल्यावर रोधही त्याच आकड्यावर परत येतो का? संवेदनशीलतेवर सर्किट किती सोपं होणार ते ठरतं. मोजमापावर वर्षभराने विश्वास ठेवायचा की नाही, ते मात्र परत येण्यावर ठरतं.

तापमानासाठी खरी निवड एनटीसी थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा रेझिस्टर) आणि प्लॅटिनम यांच्यातच असते. एनटीसी म्हणजे मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडचा भाजलेला मणी. तापमान चढलं की त्याचा रोध उतरतो, आणि भराभर उतरतो. नेहमीचा १० किलोओहमचा, ३९५० बीटा मूल्याचा (बीटा म्हणजे तापमानाबरोबर रोध किती वेगाने बदलतो ते सांगणारा आकडा) एनटीसी घेतला तर ० अंश सेल्सियसला रोध साधारण ३३ किलोओहम, २५ ला १० आणि ५० ला ३.६ किलोओहम येतो. २५ अंशांच्या आसपास एका अंशाला सुमारे ४४० ओहमचा फरक पडतो. पीटी१०० या प्लॅटिनम सेन्सरचा रोध ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम, म्हणजे अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहम.

हा फरक वायरमध्ये लगेच दिसतो. जाण्यायेण्याच्या वायरचा मिळून १ ओहम रोध असेल, तर दोन वायरींनी जोडलेला पीटी१०० तापमान २.६ अंशांनी जास्त दाखवतो. एनटीसीला त्या १ ओहमची दखलही घ्यावी लागत नाही. म्हणून पीटी१०० घ्यायचा तर तीन किंवा चार वायरींची जोडणी आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायर हवाच. एवढा व्याप नको असेल तर पीटी१००० घ्यावा, म्हणजे ० अंशाला १००० ओहम रोध असलेला प्लॅटिनम सेन्सर. त्यात हीच चूक दहा पटीने कमी होते.

मग प्लॅटिनम घ्यायचंच कशाला? कारण ते आकडा धरून ठेवतं. आयईसी ६०७५१ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा आलेख ठरलेला आहे; अ वर्गाच्या सेन्सरला ० अंशाला ±०.१५ अंश आणि ब वर्गाच्या सेन्सरला ±०.३ अंश इतकीच सूट असते. एक सेन्सर बिघडला की त्याच वर्गाचा दुसऱ्या कंपनीचा लावा, आकडेमोड बदलावी लागत नाही. साधे एनटीसी बहुधा १२५ ते १५० अंशांपर्यंतच चालतात. त्यापुढच्या भट्टीच्या कामाला मी प्लॅटिनमच सुचवेन.

घरगुती उपकरणं, बॅटरी पॅक, पाण्याची टाकी अशा कामांना एनटीसी पुरेसा आहे, पण तीन गोष्टी सांभाळा. पहिली, बीटा मूल्य. सेन्सर ३४३५ चा आणि प्रोग्राममध्ये ३९५० लिहिलेलं असेल, तर २५ अंशांना वाचन अगदी बरोबर येतं आणि ६० अंशांना ५५ दिसतं. खोलीत तपासून समाधान मानणाऱ्याला ही चूक सापडतच नाही, म्हणून एकदा तरी गरम पाण्यात तपासावं. दुसरी, डिव्हायडरमधला, म्हणजे व्होल्टेज वाटून घ्यायला एनटीसीबरोबर सिरीजमध्ये जोडलेला, स्थिर रेझिस्टर. तो १० किलोओहमचा आणि एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा असेल, तर २५ अंशांजवळ एका अंशाला ११ पायऱ्या मिळतात, १०० अंशांजवळ जेमतेम २. तुम्हाला मोजायच्या टप्प्याच्या मध्यावर एनटीसीचा जो रोध असेल, तोच स्थिर रेझिस्टर निवडा. तिसरी, मोजताना होणारी स्वतःची गरमी. याच डिव्हायडरला ५ व्होल्ट दिले की मण्यात ०.६ मिलिवॅट खर्च होतात आणि स्थिर हवेत बारीक मणी तेवढ्यानेच पाव ते अर्धा अंश तापतो. वाचन घेण्यापुरताच पुरवठा चालू करा.

एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा रेझिस्टर, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दिवा लावायचा की विझवायचा, एवढ्यासाठीच तो घ्यावा. कॅडमियम सल्फाइडचा हा पट्टा रंगांना साधारण आपल्या डोळ्यासारखाच प्रतिसाद देतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. अंधारात रोध मेगाओहममध्ये आणि कडक उन्हात काहीशे ओहमवर, त्यामुळे सर्किट अगदी सोपं. पण परत येण्याच्या परीक्षेत तो नापास होतो. बराच वेळ अंधारात ठेवलेला आणि उजेडात ठेवलेला एलडीआर त्याच प्रकाशात वेगवेगळे आकडे देतात. एकाच क्रमांकाच्या दोन नगांतही १० लक्सला (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) एकाचा रोध १० किलोओहम, दुसऱ्याचा २० असू शकतो. लक्स मोजायचे असतील तर फोटोडायोड (उजेडाच्या प्रमाणात करंट देणारा डायोड) किंवा डिजिटल प्रकाश सेन्सर घ्या. शिवाय इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरच्या युरोपीय संघाच्या रोह्स नियमांत कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का आहे. विक्रीच्या उत्पादनात तो घालण्याआधी हे पाहावंच लागतं.

दमटपणासाठी रोध बदलणारी पॉलिमरची पट्टी मिळते, पण तिला डीसी चालत नाही. ध्रुवीकरण होऊन ती खराब होते. एसी पुरवठा उभारण्यापेक्षा कॅपॅसिटिव्ह, म्हणजे रोधाऐवजी कॅपॅसिटन्स बदलणारा, डिजिटल सेन्सर बरा.

राहिला पीटीसी. बेरियम टायटनेटच्या या थर्मिस्टरचा रोध ठरावीक तापमानापाशी एकदम हजारो पटींनी उसळतो. त्यामुळे तो मोजण्यासाठी नाही, संरक्षणासाठी घ्यायचा. मोटरच्या तीन फेजच्या वाइंडिंगमध्ये तीन पीटीसी बसवून सिरीजमध्ये जोडतात. एकच वाइंडिंग तापलं तरी एकूण रोध उसळतो आणि रिले मोटर बंद करतो. तिथे तीन एनटीसी सिरीजमध्ये जोडले, तर तापलेल्याचा घटलेला रोध उरलेल्या दोघांच्या बेरजेत झाकला जाईल आणि वाइंडिंग जळेपर्यंत रिलेला पत्ता लागणार नाही.