१४ इंची लॅपटॉप, १९२० × १२०० स्क्रीन: वर्षभराच्या वापरानंतर

वर्षभर हा लॅपटॉप रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतोय. काम मुख्यतः मराठी मजकुराचं: मुद्रितशोधन, पानं लावणं, मधूनमधून फोटो दुरुस्त करणं. १४ इंची आयपीएस पॅनेल (मागून दिवा लावलेला एलसीडीचा एक प्रकार), मॅट फिनिश, रिझोल्यूशन म्हणजे आडवे × उभे पिक्सेल (चित्राचे ठिपके) १९२० × १२००. हेच मॉडेल २८८० × १८०० ओलेड स्क्रीनसह (जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) मिळत होतं. ते सोडून हे घेतलं, आणि उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हेच घेईन.

रिझोल्यूशनचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. तो स्क्रीनच्या आकाराशी लावून बघायचा. १५.६ इंचांवर १३६६ × ७६८ असेल तर एका इंचात जेमतेम १०० पिक्सेल बसतात. त्याच आकारात १९२० × १०८० घेतलं तर १४१, आणि माझ्या स्क्रीनवर १६२ च्या आसपास. हा फरक देवनागरीत लगेच जाणवतो. ‘धर्मांतर’ मधला रफार आणि अनुस्वार १०० च्या स्क्रीनवर एकमेकांत मिसळून एक काळा ठिपका होतो. ‘कनिष्ठ’ आहे की चुकून ‘कनिष्ट’ पडलंय, हे ११ पॉइंटात ओळखताना डोळे ताणावे लागतात. इथे दोन्ही सहज दिसतं. म्हणून लॅपटॉप बघायला जाताना आपल्याच कामाची एखादी फाइल पेनड्राइव्हवर न्यावी आणि १०० टक्के झूमवर उघडून वाचावी. दुकानात लावलेला चकचकीत व्हिडिओ कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतो.

मग २८८० × १८०० का नको? पिक्सेल सव्वादोन पट, म्हणजे ग्राफिक्सवर आणि बॅटरीवर जादा भार. शिवाय इतक्या बारीक स्क्रीनवर स्केलिंग (अक्षरं आणि चिन्हं मोठी करून दाखवणं) २०० टक्के ठेवलं, की कामाला जागा १४४० × ९०० एवढीच उरते. मी १२५ टक्क्यांवर चालवतो आणि मला १५३६ × ९६० मिळते. जुनी सॉफ्टवेअरं मात्र १२५ वर जराशी धुरकट दिसतात, हे आधीच सांगून ठेवतो. ओलेडबद्दल आणखी एक गोष्ट: बरीच ओलेड पॅनेल्स उजेड कमी करताना अतिशय वेगाने उघडझाप करतात. काहींना ती जाणवतही नाही, काहींचं डोकं दुखतं. ब्राइटनेस कमी करून मोबाइल कॅमेऱ्याचा शटर वेगवान ठेवा आणि स्क्रीनकडे धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर ती उघडझाप आहे असं समजा. ज्यांचं सगळं काम फोटो-व्हिडिओचं आहे, त्यांनी तरीही ओलेडचा विचार जरूर करावा. ओलेडमध्ये काळा पिक्सेल पूर्ण विझतो; तसा काळा रंग आयपीएसला जमत नाही.

रिझोल्यूशनपेक्षा मला जास्त उपयोगी पडले ते दोन आकडे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात असतात. पहिला निट्स, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप. २५० निट्सची स्क्रीन खिडकीशेजारी बसल्यावर निस्तेज पडते. माझी ४०० ची आहे आणि भर दुपारीही पडदा ओढावा लागत नाही. दुसरा रंगांचा, म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याचा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. हे १९५३ सालच्या रंगीत टीव्हीच्या मानकावरचं माप आहे, आणि ४५ टक्के म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी दोन-तृतीयांशही नाहीत. लाल रंग विटकरी दिसतो, चेहरे फिके पडतात. ७२ टक्के एनटीएससी किंवा १०० टक्के एसआरजीबी असेल तर काळजी नाही. आणि एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या पुरवठादारांची पॅनेल्स येऊ शकतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा चांगला अनुभव आपल्या हातातल्या मशिनला लागू पडेलच असं नाही. परत करायची मुदत संपायच्या आत अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र लावून कडांमधून उजेड झिरपतोय का बघा. मग लाल, हिरवा, निळा, पांढरा असे सपाट रंग लावून मेलेले पिक्सेल शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

बांधणीत माझं पहिलं लक्ष बिजागरीकडे असतं. बिजागरी धातूची असते, पण तिचे स्क्रू बऱ्याचदा प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत घट्ट केलेले असतात. बिजागरी फार आवळ असेल तर झाकण उघडताना प्रत्येक वेळी ताण त्या प्लास्टिकवर येतो आणि शेवटी तेच फुटतं. झाकण एका कोपऱ्याने धरून सावकाश उघडा. खालच्या बॉडीत करकर आवाज आला किंवा फट दिसली तर तो लॅपटॉप नकोच. माझ्या मशिनचा तो कोपरा आजही जसाच्या तसा आहे. कीबोर्ड मध्यभागी दाबला तर किंचित लवचिक वाटतो, टाइप करताना त्रास नाही. पंखा ऐकू येतो, पण सवय झाली. ५७ वॅट-अवरची बॅटरी आता ५१ पर्यंत भरते. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी मिळतात.

खरी तक्रार चार्जिंगच्या टाइप-सी पोर्टची. दोन्ही पोर्ट डावीकडे, आणि रोजचा वापर असलेलं एक आता सैल झालंय. केबल हलली की चार्जिंग तुटतं. पोर्ट थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेलं आहे, त्यामुळे दुरुस्ती किचकट आणि महाग. रॅमही सोल्डर केलेली, पण ते आधी ठाऊक होतं म्हणून १६ जीबी घेतली होती. काही कंपन्या आपल्या मॉडेल्सचं सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवर मोफत ठेवतात. पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर आहे का, रॅमला स्लॉट आहे का, बॅटरी स्क्रूने निघते का, हे त्यातल्या चित्रांत स्पष्ट दिसतं. पुढचं मशिन निवडताना मी तेच आधी उघडणार आहे.