डब्ल्यूबीजीटी मीटर: मार्च ते सप्टेंबर, बडोद्याच्या मैदानावर

शाळेने मार्चमध्ये घेतलेलं मीटर. डब्ल्यूबीजीटी म्हणजे वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, ऊन, दमटपणा, वारा सगळं धरून अंगावर उष्णतेचा किती ताण येतो त्याचा आकडा. मी खो-खो आणि धावणं शिकवतो, तेवढ्यापुरतंच लिहितो.

वर काळा गोळा, खाली हवेचं तापमान आणि दमटपणा मोजणारे सेन्सर. त्यातून एकच आकडा निघतो, अंश सेल्सिअसमध्ये. त्यात ओल्या कापडातल्या थर्मामीटरचा (इथे कापड नाही, मीटर तो आकडा सेन्सरांवरून हिशेबाने काढतं) वाटा ७० टक्के, काळ्या गोळ्याचा २० आणि नुसत्या हवेचा जेमतेम १०. मे महिन्यात पारा ४२, हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा दुपारी आकडा ३१ च्या आसपास. जूनमध्ये पारा ३६ वर उतरतो, सहकारी म्हणतात, "सर, आजे तो गरमी ओछी छे" (आज तर गरमी कमी आहे), आणि मीटर ३३ च्या वर! घाम येतो पण वाळत नाही, मग अंग निवणार कसं?

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या शाळा उघडतात. सुट्टीभर पंख्याखाली मोबाइल घेऊन लोळलेली पोरं थेट मैदानात. उकाड्याची सवय अंगी मुरायला १० ते १४ दिवस लागतात. "बडोद्याचीच पोरं, त्यांना काय होतंय" हे पालकांचं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

कितीच्या आकड्याला सराव थांबवायचा याचा आम्ही वापरतो तो तक्ता अमेरिकेतला. तिथेही सगळीकडे एकच मर्यादा नाही: थंड भागांत साधारण ३० ला सराव बंद, उष्ण भागांत ३३ ला. आम्ही उष्ण भागाची मर्यादा धरली, पण शाळा उघडल्यावरचे पहिले दोन आठवडे थंड भागाची. सकाळी सातची तुकडी त्यात बसते, संध्याकाळची बहुधा रद्द होते. मुख्याध्यापिका बाई कुरकुरल्या, पण तक्ता नोटीस बोर्डावर लागला.

आता तक्रारी. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणजे कमालच. आकडा स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. हातात धरून किंवा व्हरांड्यात ठेवून मोजाल तर काही अर्थ नाही, स्टँडवर कमरेच्या वर, उन्हातच हवं. गोळा लिंबाएवढा, मूळ पद्धतीतला १५ सेंटिमीटरचा असतो. छोटा गोळा वाऱ्याने लवकर निवतो आणि आकडा थोडा कमी दाखवतो, म्हणून आम्ही मर्यादेच्या एक अंश आधीच थांबतो. ऑगस्टमध्ये दमटपणाचा सेन्सर बिघडला, विकणाऱ्याने फोन उचलणंच सोडून दिलं. घेताना दुरुस्ती कोण करणार ते लिहून घ्या.

आणि मैदानाच्या कडेला पाण्याचं मोठं टब आणि बर्फ ठेवाच. पोरगं भेलकांडायला, असंबद्ध बोलायला लागलं तर १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत त्याला गार पाण्यात बसवायचं, डोकं पाण्याबाहेर धरून.