पोटऱ्यांची वळवळ आणि लोहाच्या गोळ्या : आठ महिन्यांनंतर

लोहाच्या गोळ्या सुरू करून आठ महिने झाले. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत जी वळवळ सुरू व्हायची, तिच्यासाठी घेतेय. पायात गोळा आला की स्नायू दगडासारखा लागतो. इथे हात लावून बघावं तर पोटरी मऊच. पण आत, हाडालगत, कुणीतरी सुतळी ओढत असल्यासारखं व्हायचं आणि पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. उठून चाललं की थांबायचं, आडवं झालं की पाच मिनिटांत पुन्हा तेच. रात्री अडीच वाजता गार फरशीवर अनवाणी येरझाऱ्या घालणं अंगवळणी पडलं होतं.

दोन वर्षं 'टेन्शन घेऊ नका' एवढंच ऐकलं. त्याचा फार त्रास झाला. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी हे दुखणं १६७२ मध्येच लिहून ठेवलंय आणि स्वीडनच्या एकबॉम या डॉक्टरांनी १९४५ मध्ये त्याला 'रेस्टलेस लेग्स', म्हणजे अस्वस्थ पाय, हे नाव दिलं, हे वाचलं त्या दिवशी मी अक्षरशः रडले.

मधल्या काळात एका डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारं औषध, दिलं होतं. पहिल्या रात्रीपासून गाढ झोप! पण वर्षभरात वळवळ रात्रीऐवजी दुपारी चारलाच सुरू व्हायला लागली, मग हातांतही आली. या औषधांनी कालांतराने आजारच वाढू शकतो, म्हणून आता ती सहसा आधी देत नाहीत. हे मला सुरुवातीलाच कुणी सांगायला हवं होतं. डॉक्टर बदलले आणि त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू डोस कमी करत ती गोळी सोडली. ते आठवडे वाईट गेले.

नव्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला लावलं. हिमोग्लोबिन १२.८ होतं, त्यामुळे आधी कुणी तिकडे पाहिलंच नव्हतं. फेरिटिन निघालं १९. या आजारात ते ७५ किंवा त्याहून कमी असलं तरी लोह देण्याचा विचार करतात, कारण रक्तात लोह पुरेसं दिसत असलं तरी मेंदूला कमी पडू शकतं आणि त्याने डोपामिनचं काम बिघडतं.

पहिले दीड महिने काहीच फरक नाही, वर बद्धकोष्ठता. मग डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली. तशी ती अंगीही चांगली लागते आणि पोटालाही सोसते. रिकाम्या पोटी घेते, चहा-कॉफी दोन तास लांब. तिसऱ्या महिन्यात एकदा जाग आली तर उजाडलं होतं. कितीतरी वेळ तशीच पडून राहिले, पाय न हलवता. चौथ्या महिन्यात फेरिटिन ५८ होतं, आता ८१ आहे.

मध्ये सर्दीची एक गोळी घेतली आणि दोन रात्री पुन्हा येरझाऱ्या. झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधांनी हा त्रास उसळतो. उलटीवरच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनीही. त्यामुळे आता कुठलंही नवं औषध घेण्याआधी विचारते. गरम पाण्यात पाय बुडवून पोटऱ्या चोळल्या की अर्धा तास बरं वाटतं, त्याच अर्ध्या तासात झोप लागली तर लागली.

महिन्यातून दोन-तीन रात्री अजूनही खराब जातात. आणि कृपा करून तपासणीशिवाय लोह सुरू करू नका, जास्त झालेलं लोह यकृताला बाधतं. माझी पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, तोवर गोळी चालू.